मंद्र स्वराची गाळणी

वाद्यवृंदांत कांहीं वाद्यें अशीं असतात कीं तीं वाजत असतांना त्यांच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. मात्र तीं थांबलीं म्हणजे घराचा पाया खचल्याप्रमाणें सर्वांस एकदम जाणवतें. बेस गिटार हें त्यांतील एक. चार जाड तारा, लांब दांडी आणि विजेच्या साहाय्यानें मोठा होणारा खर्जाचा आवाज, एवढीच त्याची संपत्ति. मंद्र स्वर धरून ठेवावा, बाकीच्यांनीं त्याच्या आधारानें हवें तितकें बागडावें, असा या वाद्याचा धर्म. अशा या सेवकवृत्तीच्या वाद्यास मनुष्याच्या मुखासारखा 'वा-वा' असा उच्चार करण्याची विद्या कशी प्राप्त झाली, आणि ती शिकतां शिकतां आपला मंद्र स्वरच गमावून बसण्याची पाळी त्याजवर कशी आली, हा इतिहास मोठा मनोरंजक आहे.

बेस गिटारच्या पूर्वीं हें काम डबल बेस या व्हायोलिनच्या जातीच्या अजस्र वाद्याकडे होतें. तें मनुष्याहून उंच. उभें राहूनच वाजवावयाचें. आणि नृत्यगृहांत पितळी वाद्यांचा गजर सुरू झाला कीं त्याचा आवाज पार बुडून जावयाचा. अमेरिकेंतील सिअ‍ॅटल शहरीं राहणाऱ्या पॉल टुटमार्क नांवाच्या वादकानें सुमारें १९३६ सालीं 'ऑडिओव्हॉक्स ७३६' हें विजेचें, आडवें धरून वाजवावयाचें लहान बेस वाद्य विक्रीस काढलें. त्याची प्रेरणा अशी सांगतात कीं, बाकीचे वादक एका मोटारींत दाटीवाटीनें, हंसत खेळत कार्यक्रमास जात. परंतु डबल बेसवाल्याची मोटार त्याच्या वाद्यानेंच भरून जाई आणि बिचाऱ्यास एकट्यानेंच प्रवास करावा लागे. त्याची दया येऊन टुटमार्कनें हा उद्योग केला. दयेपोटीं जन्मलेलें तें वाद्य मात्र फारसें खपलें नाहीं.

यश आलें तें लिओ फेंडर या गृहस्थास. हा कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवीं १९३८ सालापासून रेडिओ-दुरुस्तीचें दुकान चालवीत असे. त्यास स्वतःस गिटार वाजवितां येत नसे, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. कारण वाद्यांतील सुधारणा पुष्कळ वेळां वादकापेक्षां कारागिराच्या हातूनच होते. १९५१ सालीं त्यानें जें वाद्य बाजारांत आणलें त्याचें नांव 'प्रिसिजन बेस'. प्रिसिजन म्हणजे अचूकपणा. डबल बेसवर पडदे नसतात, बोट जरा इकडे-तिकडे झालें कीं स्वर ढळतो. फेंडरच्या वाद्यावर पडदे होते, म्हणून स्वर हुकण्याची भीति उरली नाहीं. वाजत्या तारेची लांबी चौतीस इंच, आणि सर्वांत खालच्या तारेचीं कंपनें सेकंदास सुमारें ४१. मनुष्याच्या कानास ऐकूं येणाऱ्या सीमेच्या अगदीं जवळचा हा स्वर. तो कानापेक्षां छातीलाच अधिक कळतो.

पुढें दहा-पंधरा वर्षांत हें वाद्य सर्वत्र झालें. परंतु वाजविणाऱ्यांस कोण ओळखतो? डेट्रॉइट शहरांतील मोटाउन या प्रसिद्ध ध्वनिमुद्रण संस्थेच्या असंख्य लोकप्रिय गीतांत बेस गिटार वाजविणारा जेम्स जेमरसन हा कृष्णवर्णीय वादक उजव्या हाताच्या एकाच बोटानें तारा छेडीत असे, आणि त्या एका बोटावर सारें जग नाचे. तथापि तबकड्यांच्या वेष्टनावर त्याचें नांव छापण्याचा प्रघात नव्हता. १९७१ सालीं मार्विन गे याच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या संग्रहावर तें आलें, तोंवर त्याच्या कारकीर्दीचा ऐन भर ओसरत आला होता. आपल्याकडेहि स्थिति निराळी नव्हती. मुंबईच्या चित्रपट-संगीतांत वाजविणाऱ्यांत गोव्याकडील वादकांचा भरणा मोठा. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदांत बेस गिटार वाजविणारे टोनी वाझ यांचा हात लाखों घरांत रेडिओवरून ऐकला गेला. नांव मात्र कितीशा घरांत ठाऊक होतें? खालचा स्वर धरणाऱ्याच्या नशिबीं हें यावयाचेंच, असें जणुं सर्वांनीं गृहीत धरलें होतें.

असो. आतां गाळणीकडे वळूं.

गाळणी, म्हणजे ज्यास इंग्रजींत फिल्टर म्हणतात तें विजेचें साधन, संगीतासाठीं जन्मास आलेंच नाहीं. तें टेलिफोनचें अपत्य होय. एकाच तारेवरून एकाच वेळीं अनेक संभाषणें पाठवावयाचीं, तर प्रत्येक संभाषण निरनिराळ्या कंपनसंख्येच्या प्रवाहावर बसवून धाडावें लागतें, आणि दुसऱ्या टोंकास तीं एकमेकांपासून निवडून काढावीं लागतात. तांदूळ आणि खडे निवडावे तसें हें काम. अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनींतील जॉर्ज कॅम्बेल यानें त्यासाठीं जी योजना शोधून काढली तिचें पेटंट त्यास १९१७ सालीं मिळालें. जर्मनींत कार्ल विली वाग्नेर हा त्याच सुमारास स्वतंत्रपणें त्याच ठिकाणीं येऊन पोंचला होता. अमुक कंपनसंख्येच्या वरचें सर्व अडवावें व खालचें जाऊं द्यावें, ही एक जात. खालचें अडवून वरचें जाऊं द्यावें, ही दुसरी. आणि मधलाच एक पट्टा राखून दोन्ही बाजूंचें तोडावें, ही तिसरी. पुढील सर्व कथा या तीन जातींची आहे.

परंतु टेलिफोनच्या गाळणीचा मनुष्याच्या उच्चाराशीं संबंध काय? तो संबंध हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानें १८६३ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखवून दिला होता. घरीं पेटी असेल तर कोणासहि हा प्रयोग करून पाहतां येईल. पेटीचा एकच सूर धरावा आणि त्या सुरांत प्रथम 'ऊ' व मग 'आ' म्हणावें. सूर बदलला नाहीं. बदललें तें मुखाच्या पोकळीचें आकारमान. गळ्यांतून निघणाऱ्या प्रत्येक स्वराबरोबर त्याचे अनेक उपस्वर निघत असतात. मुखाची पोकळी त्यांपैकीं कांहींस उचलून धरते, कांहींस दाबून टाकते, आणि त्या निवडीसच आपण 'ऊ', 'आ', 'ई' अशीं नांवें देतों. 'ऊ' पासून 'आ' पर्यंत तोंड झटकन उघडलें कीं 'वा' होतो. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारीचा दोरा किंचित् सरकविल्याबरोबर त्याच खर्जाच्या तारेंतून उपस्वरांची झुळूक उठते, हा तर आपल्या रोजच्या ऐकण्यांतला अनुभव. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनीं १९२१ सालीं या जवारीवरच शास्त्रीय निबंध लिहिला होता. स्वर तोच ठेवून त्याच्या उपस्वरांची निवड बदलणें, एवढेंच गाळणीचें काम. मुखांत आपण तें स्नायूंनीं करतों, यंत्रांत तें विजेनें होतें.

अमेरिकेंतील कर्णावादकांस ही युक्ति शास्त्राचें साहाय्य न घेतांच सांपडली होती. जो 'किंग' ऑलिव्हर आणि त्याच्या पिढीचे वादक कर्ण्याच्या तोंडावर वाटी किंवा टोपी धरून ती उघडझांप करीत व 'वा-वा' असा आवाज काढीत. क्लाइड मकॉय यानें १९३१ सालीं 'शुगर ब्लूज' या गीताची जी तबकडी काढली तींत या आवाजाची रेलचेल आहे. पस्तीस वर्षांनीं हा आवाज पायाखालीं आला तो एका काटकसरीच्या उद्योगांतून. व्हॉक्स या इंग्रजी बनावटीचे ध्वनिवर्धक कॅलिफोर्नियांत थॉमस ऑर्गन कंपनी तयार करी. त्यांतील मधल्या स्वरांस उठाव देणारी फिरती कळ महाग पडते, म्हणून तिच्या जागीं साधा फिरकीचा रोधक बसवावा असें ठरलें, आणि तें काम ब्रॅड प्लंकेट या तरुण अभियंत्याकडे आलें. १९६६ सालचा नोव्हेंबर महिना होता. रोधक बसवून फिरवून पाहतात तों यंत्र 'वा' म्हणूं लागलें! लगेच तें ऑर्गनच्या पायपट्टींत, म्हणजे पेडलांत, बसविण्यांत आलें. आणि १९६७ सालीं बाजारांत आलेल्या त्या पेडलावर क्लाइड मकॉयचें नांव घालण्यांत आलें, कारण चालकांची समजूत अशी कीं हें फुंकवाद्यांसाठींच उपयोगी पडेल. त्यांचा अंदाज साफ चुकला. एरिक क्लॅप्टन व जिमी हेंड्रिक्स या गिटारवादकांनीं त्याच वर्षीं तें पेडल आपल्या ध्वनिमुद्रणांत वापरलें, आणि कर्णा बाजूस राहिला.

बेस गिटारवाल्यांनींहि तें पेडल पायाखालीं घेऊन पाहिलें नसेल असें नाहीं; पण त्यांची निराशा होणें अपरिहार्य होतें. पेडलाची गाळणी मधला पट्टा राखणारी. तिचा उठाव सुमारें चारशें कंपनांपासून दोन हजारांपर्यंत सरकतो. साध्या गिटारचा जीव त्या पट्ट्यांतच असतो. परंतु ज्या वाद्याचा मूळ स्वर चाळीस ते शंभर कंपनांच्या घरांत, त्याचें त्या गाळणींतून काय उरणार? वरचा चोथा राहतो आणि रस वाहून जातो. दुसरी अडचण पायाची. बेसवाल्यानें ढोलवाल्याशीं जीव जडवून ताल धरावयाचा. त्याचा पाय तालावर पडतो, त्यास आणखी निराळ्या कामास जुंपणें म्हणजे त्याचें चित्त द्विधा करणें.

पायाची अडचण दूर झाली ती एका अपघातामुळें. गिल्ड या गिटार बनविणाऱ्या कंपनीसाठीं माइक बायगल हा अभियंता एक विजेचें संश्लेषक वाद्य, म्हणजे सिंथेसायझर, तयार करीत होता. काम बरेंच पुढें गेलें असतां १९७२ सालीं कंपनीचा अध्यक्ष आल्फ्रेड ड्राँज हा विमान-अपघातांत मरण पावला आणि ती सर्व योजना बारगळली. हातचें काम गेलें; परंतु बायगलनें त्या मोडक्या स्वप्नांतून एक भाग वांचविला, आणि आरन न्यूमन या सहकाऱ्याबरोबर न्यू जर्सींत 'म्युझिट्रॉनिक्स' नांवाची लहानशी कंपनी काढून तो स्वतंत्र पेटींत घालून विकावयास आरंभ केला. या पेटीचें नांव 'म्यू-ट्रॉन थ्री'.

या पेटीची करामत पाहण्याजोगी आहे. तींत कांहींहि पायानें फिरवावें लागत नाहीं. तारेवर आघात झाला कीं त्याच्या जोराप्रमाणें आंतला एक इवलासा दिवा तेवतो. आघात विरत जाईल तसा दिवाहि मंदावतो. दिव्यासमोर असा एक पदार्थ बसविलेला असतो कीं त्याजवर उजेड पडला म्हणजे त्याचा विद्युत्-रोध कमी होतो. तो रोध बदलतांच गाळणीचा उठाव वर वा खालीं सरकतो. म्हणजे जोरानें छेडलें तर तोंड मोठें उघडतें, हळूच छेडलें तर ओठ जेमतेम विलग होतात. वादकाचें बोटच वाद्याचें तोंड झालें! गाळणीच्या तिन्ही जाती या एकाच पेटींत होत्या. उठाव तीव्र करावा कीं सौम्य, तोंड उघडत जावें कीं मिटत जावें, हेंहि ठरवितां येई. एकाच पेटींत अनेक गाळण्या ठेवण्याच्या पुढील प्रघाताचें बीज येथेंच आहे.

स्टीव्ही वंडर यानें १९७३ सालच्या 'हायर ग्राउंड' या गीतांत आपलें क्लॅव्हिनेट नांवाचें विजेचें पेटीवजा वाद्य या यंत्रांतून वाजविलें. परंतु बेस गिटारशीं त्याची गांठ घालून दिली ती विल्यम कॉलिन्स यानें. सारें जग त्यास 'बूट्सी' म्हणून ओळखतें. त्याचा जन्म ओहायओ संस्थानांतील सिन्सिनाटी येथें १९५१ सालीं, म्हणजे प्रिसिजन बेस बाजारांत आला त्याच वर्षीं झाला. १९७० सालीं, अवघ्या अठराव्या वर्षीं, तो जेम्स ब्राउन या नामांकित गायकाच्या ताफ्यांत दाखल झाला. ब्राउनचा दंडक एकच: मधल्या मात्रांत हवें तें करा, पण पहिल्या मात्रेवर सर्वांनीं एकत्र येऊन पडलें पाहिजे. आपल्याकडील तबलजीस हें निराळें समजावून सांगावयास नको. सम चुकली तर बाकीचें सर्व व्यर्थ. बूट्सीनें हा धडा जन्मभर जपला. पुढें जॉर्ज क्लिंटनच्या पार्लमेंट-फंकाडेलिक या मेळ्यांत आणि १९७६ पासून स्वतःच्या 'रबर बँड' या ताफ्यांत तो ताऱ्याच्या आकाराची चमचमती बेस गिटार घेऊन उभा राहूं लागला. जेमरसनचें नांव वेष्टनावरहि नव्हतें. हा बेसवाला मंचाच्या मध्यभागीं, आणि त्याचें वाद्य 'वाव-वाव' करीत श्रोत्यांशीं जणुं बोलत आहे! पोशाखाचा व चष्म्यांचा भपका कोणास आवडो वा न आवडो, पण खालच्या स्वरास तोंड फुटलें आणि तें धरणाऱ्यास चेहरा मिळाला, ही गोष्ट लहान नव्हे.

मात्र यांतूनच खरा पेंच उभा राहिला. समेवर वादक सर्वांत जोरानें आघात करणार. जोरानें आघात झाला कीं गाळणी सर्वांत वर सरकणार. मधल्या पट्ट्याची गाळणी वर सरकली कीं खालचा स्वर गळून जाणार. म्हणजे ज्या क्षणीं सर्व मेळा खालच्या स्वरावर विसंबून उडी टाकतो, नेमक्या त्याच क्षणीं पायाखालची जमीन नाहींशी व्हावयाची! खोलींत एकट्यानें वाजवितांना हा दोष कळत नाहीं. उलट तो आवाज मोठा गोड वाटतो. चार वादकांत उभें राहिलें म्हणजे बेसवाला दिसतो, ऐकूं मात्र येत नाहीं. त्यांतच एक निराळा प्रतिस्पर्धी उभा ठाकला. पार्लमेंटचें 'फ्लॅश लाइट' हें गीत १९७८ च्या जानेवारींत निघालें आणि कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या यादींत पहिल्या स्थानीं गेलें. त्यांतील लवचीक, गुबगुबीत मंद्र स्वर बेस गिटारचा नव्हता. बर्नी वॉरेल यानें तो 'मिनीमूग' या संश्लेषकावर वाजविला होता. स्वतः बूट्सी या गीतांत ढोल वाजवीत होता. पाया यंत्राकडे गेला आणि पायाचा धनी ढोलावर बसला, हें दृश्य बेसवाल्यांस विचार करावयास लावणारें होतें.

मिनीमूगचा आवाज पातळ कां होत नसे, याचें कारण त्याच्या गाळणीच्या जातींत आहे. रॉबर्ट मूग यानें १९६६ सालीं अर्ज करून १९६९ सालीं पेटंट मिळविलेली ही गाळणी ट्रान्झिस्टरांच्या जोड्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकावर एक रचून केलेली आहे, म्हणून तिला शिडी-गाळणीच म्हणतात. ती वरचें कापते, खालचें सोडते. उठाव फार तीव्र केला तर तिचाहि खालचा स्वर कांहींसा दबतो. परंतु ती कितीहि उघडली तरी मूळ स्वर समूळ नाहींसा होत नाहीं. बेस गिटारवाल्यांनीं यांतून घ्यावयाचा धडा उघड होता: मधला पट्टा राखणारी गाळणी सोडावी आणि खालचें राखणारी घ्यावी.

म्युझिट्रॉनिक्सचें पुढें बरें झालें नाहीं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिचा माल एआरपी या संश्लेषक बनविणाऱ्या कंपनीकडे गेला, आणि १९८१ सालीं एआरपीच बुडाली. जुन्या म्यू-ट्रॉनच्या पेट्या वादक जपून वापरूं लागले. मध्यंतरीं न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्स या कारखान्यानें 'बासबॉल्स' नांवाची पेटी खास बेस गिटारसाठीं काढली होती; तींत दोन गाळण्या जोडीनें सरकतात. हें शास्त्रास धरून होतें, कारण मुखांतील स्वरास ओळख येते ती उपस्वरांच्या एका नव्हे, निदान दोन उठावांमुळें. १९९० च्या दशकांत बायगल पुन्हां पुढें आला आणि त्याच इलेक्ट्रो-हार्मोनिक्ससाठीं त्यानें 'क्यू-ट्रॉन' ही पेटी रचली. तींत तीन जुन्या जातींच्या जोडीस त्यानें एक चौथी खूण ठेवली: गाळलेला आवाज आणि न गाळलेला मूळ आवाज यांचें मिश्रण. वीस वर्षांचा पेंच त्या एका खुणेनें बराचसा सुटला. १९९८ सालीं मूगनेंहि आपली शिडी-गाळणी 'मूगरफूगर' या नांवानें पायाशीं ठेवण्याच्या पेटींत आणली, तींतहि मिश्रणाचा कान पिळण्याची सोय होती.

नंतर आली गणकयंत्राची पाळी. ओबरहाइम या नामांकित संश्लेषक कारखान्यांत पूर्वीं काम केलेल्या मार्कस राइल व मिशेल द्वादिक या दोघांनीं १९९६ सालीं कॅलिफोर्नियांत लाइन सिक्स ही कंपनी स्थापन केली होती. तिनें या शतकाच्या आरंभीं 'एफएम-फोर' नांवाची, पायानें दाबावयाच्या चार कळांची पेटी काढली. हिच्यांत दिवाहि नाहीं आणि शिडीहि नाहीं. तारेच्या कंपनांचे आंकडे करून त्या आंकड्यांवर गणित चालविलें जातें, आणि त्या गणितांतून जुन्या निरनिराळ्या गाळण्यांची नक्कल उभी राहते. आघाताबरोबर उघडणारी म्यू-ट्रॉनची गाळणी तींत आहे, मिटत जाणारीहि आहे. ठराविक तालावर यदृच्छेनें कोठेंतरी उडी मारणारी ओबरहाइमची गाळणी आहे. 'आ' 'ई' 'ऊ' असे उच्चार करणारी मुखाकृति गाळणी आहे. संश्लेषकाचें सोंग घेणाऱ्याहि कांहीं आहेत. आवडत्या चार मांडण्या साठवून ठेवाव्या आणि गीतागणिक पायानें बदलाव्या.

येवढें भांडार हातीं आल्यावर वादकाची अवस्था मिठाईच्या दुकानांत सोडलेल्या मुलासारखी होते, आणि म्हणून बेसवाल्यानें येथें कांहीं पथ्यें पाळावीं लागतात. पहिलें संवेदनेचें. आपल्या नित्याच्या आघातानें गाळणी अर्धीच उघडेल अशा बेतानें कान पिळून ठेवला, तर जोराच्या आघातास वर जावयास जागा उरते. नाहींतर प्रत्येक स्वर सारखाच किंचाळतो. दुसरें क्रमाचें. आवाजाचे चढउतार सपाट करणारी कॉम्प्रेसरची पेटी पुष्कळ बेसवाले वापरतात. ती गाळणीच्या अगोदर ठेवली तर गाळणीस आघाताचा जोर कळावा कसा? ती नंतर ठेवावी. उलट आवाज खरखरीत करणारी फझची पेटी अगोदर असली तर उपस्वरांचें पीक उदंड येतें आणि गाळणीस कापावयास कांहींतरी मिळतें. मात्र फझ आवाजाची पातळी सपाट करीत असल्यामुळें गाळणीची उघडझांप मंदावते. दोन्ही गोष्टी एकदम साधत नाहींत. गीत पाहून निवड करावी. तिसरें जुनेंच, मंद्र स्वराचें. पेटींत मिश्रणाची सोय असेल तर उत्तम. नसेल तेथें अनुभवी वादक तारेचा आवाज आरंभींच दोन वाटांनीं वळवितात. एका वाटेनें खालचा स्वर कोणताहि संस्कार न होतां सरळ ध्वनिवर्धकाकडे जातो. दुसऱ्या वाटेनें वरचे उपस्वर गाळणीकडे जातात, आणि तेथें त्यांना कितीहि 'वा-वा' करूं द्यावें; पहिल्या वाटेचा स्वर जागचा हालत नाहीं.